पिवळे तळवे

आदिलाबादजवळच्या मावल्यात सुनयनाला सगळे ‘फ्रेमवाली’ म्हणत. लग्नानंतरची पहिली आठ वर्षं तिला अशी काही ओळखच नव्हती. राजकुमारची बायको, एवढंच. राजकुमारचं आदिलाबादच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान होतं. सकाळी तो गाडीला किक मारून गेला की घरात सुनयना आणि चार भिंती. मूल झालं नाही. आदिलाबादचे डॉक्टर झाले, नागपूरचे झाले, माहेरच्यांनी सांगितलेले उपासतापासही झाले. मग हळूहळू त्या विषयावर घरात कोणी बोलेनासं झालं.

कागद कापायला ती लागली ते नुसता वेळ जात नव्हता म्हणून. दुकानातून राजकुमार बियाण्यांची रिकामी पाकिटं आणायचा. त्यावरची लालभडक मिरची, जांभळी वांगी तिनं कात्रीनं सोडवली, पोत्याच्या तुकड्यावर चिकटवली, कडेनं ज्वारीचं कणीस आणि कापसाची फुटलेली बोंडं लावली. शेजारच्या तेलुगू टीचरबाईंनी ते पाहिलं आणि “अक्का, माझ्या लेकीच्या वाढदिवसाला असंच एक करा,” म्हणाल्या. एकीचं पाहून दुसरी आली. दोन-तीन वर्षांत पुढची खोली लेस, मोती, जुन्या लग्नपत्रिका, साड्यांचे काठ आणि डिंकाच्या वासानं भरून गेली.

सगळ्यात जास्त मागणी होती ती बाळाच्या फ्रेमला. खोलगट लाकडी चौकट, वर काच. आत बाळाच्या पावलांचे ठसे, दवाखान्यात मनगटाला बांधलेली पट्टी, पहिलं टोपडं, आजीच्या लुगड्याचा काठ, आणि मधोमध पुठ्ठ्यातून कापलेलं नाव. पोटी लेकरू नसलेली बाई दुसऱ्यांच्या लेकरांच्या फ्रेमा करते, याचं सुरुवातीला बायकांना नवल वाटलं. मग तिचा हात पाहून त्या ते विसरल्या. निदान सुनयनाला तसं वाटत होतं.

पावसाळा संपता संपता गल्लीच्या टोकाच्या मथुराबाई स्वतः चालत तिच्या घरी आल्या. त्यांच्या प्रवीणला मुलगा झाला होता. प्रवीणचं किराणा दुकान, घरात शब्द चाले तो मथुराबाईंचा.

“नातू झाला माह्याकडे,” त्या ओट्यावर बसत म्हणाल्या. “बाराव्या दिवशी बारसं हाय. अशी फ्रेम कर का आल्या-गेल्याची नजर हटली नाई पायजे. माह्या शालूचा काठ देतो तुले.”

“नाव काय ठेवाचं हाय, मावशी?”

“ते आत्या सांगीन कानात. तेवढी जागा सोडून ठेव.”

पाचवीची पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनयना ठसे घ्यायला गेली. सोयर होतं, पण मथुराबाईंनीच आत बोलावलं. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कपडा लावून बंद केली होती. आत शेगडी, धुरी, ओव्याचा वास. बाजेवर प्रवीणची बायको दीक्षा बसली होती. बावीस वर्षांची, वांकिडीकडची पोर, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. तिच्या मांडीवर बाळ झोपलं होतं.

“लय झोपते,” दीक्षा म्हणाली. “दूध प्यालेबी उठत नाई, ताई.”

“गुणाचं हाय,” मथुराबाई दारातून म्हणाल्या. “प्रवीणबी असाच होता.”

सुनयनानं शाईची गादी उघडली. बाळाचं पाऊल तिच्या दोन बोटांत मावलं. कापसाच्या सरकीएवढी नखं. तिनं अलगद शाई लावली, जाड कार्डावर पाऊल टेकवलं. एक ठसा, मग दुसरा. बाळ जागं झालं नाही, रडलं नाही, पाय ओढून घेतला नाही. मग ओल्या फडक्यानं शाई पुसायला ती दाराच्या उजेडाकडे सरकली, आणि तिचा हात थांबला.

तळवे पिवळे होते. हळद कालवून लावावी तसे पिवळे. शाई पुसून गेली तरी पिवळेपणा जाईना. तिनं पोटरी पाहिली, तीही तशीच. नागपूरच्या दवाखान्यात तासन्‌तास बसायची तेव्हा भिंतीवरची चित्रं तिनं कितीदा वाचली होती. पिवळेपणा तोंडावरून खाली उतरत जातो. तळव्यांपर्यंत पोचला तर बाळाला लगेच दाखवा. तळव्यांचं चित्र त्यात सगळ्यात खाली होतं.

तिनं वर पाहिलं. मथुराबाई काजळाचं बोट बाळाच्या गालाला लावत होत्या.

“काल ती शेजारीण आली अन्‌ म्हणते, लेकरू बारीक हाय,” त्या स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या. “लोकाईच्या तोंडाले काई बांध नाई. ज्याईले सोताले लेकरू नाई, त्याईलेच दुसऱ्याच्या लेकरात खोट दिसते.”

त्या सुनयनाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. कदाचित त्यांच्या ध्यानातही आलं नसेल की समोर कोण बसलंय. पण सुनयनाच्या जिभेवर आलेला शब्द तिथंच वाळला. अकरा वर्षांत असले शब्द तिनं इतक्यांदा ऐकले होते की ते येण्याआधीच ती खाली पाहायला शिकली होती. तिनं बाळाचे पाय दुपट्यात झाकले, कार्ड वाळवलं, पिशवीत टोपडं, दवाखान्याची पट्टी आणि शालूचा काठ घेतला.

“छान आले ठसे,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं आंघोळ केली. राजकुमार जेवायला आला तेव्हा ती म्हणाली, “मथुरामावशीचं लेकरू पिवळं दिसते हो.”

“मंग तिले सांगतलं काऊन नाई?”

“मी कशी सांगू?”

राजकुमारनं तिच्याकडे पाहिलं. भाकरीचा तुकडा मोडत राहिला. “उद्या प्रवीण दुकानाकडे दिसला तर मी म्हणतो,” शेवटी तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्रवीण त्याला दिसला नाही. बियाण्यांची गाडी आली होती, गडबड होती. तिसऱ्या दिवशी राजकुमार विसरला. सुनयनानं फ्रेम करायला घेतली. शालूचा हिरवा काठ कडेनं बसवला, कापसाचा ढग केला, खाली ज्वारीचे दाणे ओळीनं लावले. दोनदा ती चपला घालून दारापर्यंत गेली. म्हणायला कारणही शोधलं होतं, टोपड्याला लेस कोणती लावू म्हणून. दोन्ही वेळा ती परत येऊन बसली. आजी आहे, आई आहे, घरात चार माणसं आहेत, त्यांना दिसत नसेल का, असं ती स्वतःला सांगत राहिली.

बाळाच्या नवव्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाकडून रडणं ऐकू आलं. बाळाला पहाटे झटके आले. ऑटोनं आदिलाबादला नेलं. कावीळ मेंदूत गेली, डॉक्टर म्हणाले. दोन-तीन दिवस आधी आणायला हवं होतं. दुपारपर्यंत प्रवीण आणि त्याचे काका बाळाला पुरून आलेसुद्धा.

त्यानंतर चौथ्या दिवशी प्रवीण दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

“वहिनी, मायनं सामान मागतलं. लेकराचं घरात काईच ठेवाचं नाई, पाण्यात सोडाचं म्हणते. पुढच्याले चांगलं नसते.”

सुनयनानं टोपडं दिलं, पट्टी दिली, शालूचा काठ उसवून दिला.

“अन्‌ तो पायाचा कागद?”

“तो खराब झाला, भाऊ. डिंक सांडला. फेकला मी.”

प्रवीण मान हलवून गेला. कार्ड तिच्या कपाटात होतं, कोऱ्या कागदांच्या खाली. खोटं का बोलली ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की त्या लेकराचा पाय हातात घेऊन ज्या बाईनं पाहिलं, तिनंच तो कागद पाण्यात सोडायला द्यावा हे तिला जमणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिनं चौकट पुन्हा काढली आणि काम पुरं केलं. शालूच्या जागी स्वतःच्या लग्नातल्या साडीचा काठ लावला. नावाची जागा तशीच ठेवली.

महिना-सव्वा महिन्यानं भरदुपारी दीक्षा आली. अंगावरचं मांस उतरलेलं. दार लोटून घेत ती म्हणाली, “ताई, तुमी त्याईले खोटं सांगतलं ना? तुमच्याकडून कागदावर डिंक सांडत नाई.”

सुनयनानं फ्रेम काढून तिच्यासमोर ठेवली. दीक्षा रडली नाही. काचेवर बोट ठेवून एकेक ठसा पाहत राहिली.

“सासू मले म्हणते, तुह्याच दुधात खोट होती,” ती म्हणाली. “वांगं खाल्लं म्हणते, पंखा लावला म्हणते. मायच्या घरी धाडून देऊन राह्यले मले. परत आणतीन का नाई, कोणी सांगत नाई.”

सुनयनाला वाटलं, आता नाही बोललं तर कधीच नाही. “दीक्षा, मले दिसलं होतं. शाई पुसली तवा तळवे पिवळे होते. लय पिवळे. मले माहीत होतं ते कायचं असते. मी बोलली नाई.”

दीक्षानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं.

“मलेबी दिसलं होतं. मी म्हणलं सासूले. दोनदा म्हणलं. तुले काय समजते म्हणे, पहिलं बाळतपण तुहं.” तिचा आवाज फाटला. “माह्यं नाई ऐकलं, ताई. तुमी तिऱ्हाईत होत्या. तुमचं ऐकलं असतं.”

सुनयनानं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“आता चाला,” दीक्षा उठली. “मले जे सांगतलं ते तिथं सांगा. माह्या दुधानं नाई मेलं म्हणून सांगा.”

सुनयना गेली. या वेळी चपला घालून थांबली नाही. फ्रेम दीक्षानं छातीशी धरली होती. मथुराबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, प्रवीण दुकानाचा माल उतरवून घेत होता. सुनयनानं उभ्याउभ्याच सांगितलं. काय पाहिलं, कधी पाहिलं, का बोलली नाही, सगळं. शेवटी म्हणाली, “दीक्षाचा दोष नाई, मावशी. कावीळ होती. वेळेवर नेलं असतं तर वाचलं असतं. मी त्याच दिवशी बोलाले पायजे होतं.”

मथुराबाईंच्या हातातलं सूप मांडीवर तसंच राहिलं. त्यांनी आधी सुनयनाकडे, मग फ्रेमकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. त्यांनाही तो पिवळा रंग आठवला असावा, रोज न्हाऊमाखू घालताना दिसलेला. मग चेहरा घट्ट मिटला.

“म्हंजे तू पाय हातात घेतला अन्‌ मंग लेकराले काई झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “वांझ बाईनं सोयरात येऊन काळ्या शाईत पाय बुडवले माह्या नातवाचे. अन्‌ ठसे लपवून ठेवले घरात. कायले? काय करणार होती त्याचं?”

“मावशी, मी—”

“अन्‌ मी या पोरीले बोलून राह्यली इतके दिवस!” मथुराबाई मोठ्यानं रडू लागल्या. “दीक्षा, इकडे ये माय. तुह्यावर उगाच बोलली मी. खोट या घरात नोतीच, बाहेरून आली.”

सुनयनानं दीक्षाकडे पाहिलं. एक शब्द दीक्षानं बोलायचा होता. तिनं ओठ उघडले. मग सासूनं पसरलेल्या हातांकडे पाहिलं, दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि जाऊन सासूशेजारी बसली. मथुराबाईंनी तिचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात तिला कोणी हात लावला असेल.

फ्रेम खाली जमिनीवर राहिली होती. आई उठायच्या आत प्रवीणनं ती उचलली. त्यानं ते ठसे पहिल्यांदाच पाहिले. तो मागच्या दारानं निघून गेला. त्या फ्रेमचं त्यानं काय केलं, ते सुनयनाला कधी कळलं नाही.

संध्याकाळी राजकुमारला बाजारातच सगळं समजलं होतं. “काऊन गेली तू तिथं?” घरात शिरताच तो ओरडला.

“बोलाचं राह्यलं होतं.”

“आता बोलून लेकरू परत आलं का?”

“नाई.”

तो खुर्चीत बसला, दोन्ही हात डोक्याला लावले. थोड्या वेळानं म्हणाला, “मीबी सांगतो म्हणलं होतं प्रवीणले.” मग दोघंही त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

हातात असलेल्या तीन बाळांच्या फ्रेमांपैकी दोन त्याच आठवड्यात परत गेल्या. तिसरीवालीनं फोनच उचलला नाही. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला गल्लीतून कोणाचं बोलावणं आलं नाही. टीचरबाई तेवढ्या शाळेच्या तक्त्यांचं काम देत राहिल्या. झाडाचे भाग, पाण्याचं चक्र, कापडी नकाशे. सुनयना ते नीट करून देई.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात तिला दीक्षा दिसली. भाजीच्या ढिगासमोर मथुराबाई भाव करत होत्या, दीक्षा पिशवी धरून मागे उभी होती. अंग भरलं होतं, हातात नव्या बांगड्या होत्या. दोघींची नजर भेटली. दीक्षाचा चेहरा एकदम पांढरा पडला. तिनं सासूच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा सुनयनाकडे पाहिलं, आणि पदर पुढं ओढून तोंड फिरवलं.

सुनयनाला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्या घरात राहायचं तर कोणाला तरी दोष द्यावाच लागणार होता, आणि पोरीनं आपला जीव वाचवला होता. आपणही तेच केलं होतं, त्या दिवशी, दाराच्या उजेडात. तिनं पाव किलो मिरच्या घेतल्या, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि मावल्याकडे जाणाऱ्या ऑटोत जाऊन बसली. आत दोन बायका होत्या. एकीच्या मांडीवर तान्हं होतं. बाईनं सुनयनाला ओळखलं, बाळाचं तोंड पदराखाली घेतलं आणि पलीकडे सरकून बसली.