काचेतला चेहरा

सकाळी आठपासून आमच्या जिन्यावर रांग लागे. वडील जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांच्या खोलीच्या खिडकीत त्यांचा चेहरा दिसू लागला होता. खिडकी दुहेरी काचेची. दोन काचांच्या मधोमध एक धुरकट, लांबट गोल उमटे. आतून पुसा, बाहेरून पुसा, जात नसे. दुपारी ऊन आलं की आपोआप विरे. शेजारच्या वहिनींना तर त्यात मिशाही दिसल्या.

मग एक बुवा येऊ लागले. चौकटीला कपाळ टेकवून, खिडकीच्या मुठीवर हात ठेवून ते पुकारत, "या, तुमची माणसं वाट बघतायत." बंद खिडकीवरचा पडदा हळूच हले आणि लोक हात जोडत. खिडकीला कुणी हात लावायचा नाही आणि आईने रोज तिथेच बसायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

आई बसायची. बाहेर कडाक्याची थंडी, बंद खिडकीतूनही अंगावर गार झोत. खोकला छातीत उतरला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची हलवायला सांगितलं, तर ती म्हणाली, माणूस समोर उभा असताना पाठ कशी फिरवू? मी शाळेत विज्ञान शिकवतो. समजावलं, रागावलो, शेवटी हात टेकले. थोरला भाऊ म्हणाला, तुझी अक्कल वर्गातच ठेव. महिन्याभराने आई तापाने फणफणली, तेव्हा तिला दवाखान्यात हलवलं.

त्याच दुपारी मी खिडकीवाल्याला बोलावलं. त्याने चौकटीत कागदाचा कपटा धरून खिडकी लावली आणि कपटा ओढला. तो अलगद निघून आला. चौकटीचं रबर वाळून टणक झालं होतं, बिजागऱ्या उतरल्या होत्या. त्याने मूठ जराशी सैल केली, फटीतून वारा शिरला आणि पडदा हलला.

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"काचांच्या कडेचं सील फुटलंय, साहेब. दमट हवा आत शिरते. थंडीत काचा मधोमध आत वाकतात, तिथे वाफ धरते. उन्हाने सुकते. असले चेहरे मी आठवड्याला दोन बदलतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी बुवांना म्हटलं, आज हात पाठीमागे बांधून बोलवा. त्यांनी तीनदा पुकारलं. पडदा हलला नाही. मग मी स्वतः मूठ सैल केली, आणि तो हलला. अश्रद्धांच्या घरी आत्मे येत नाहीत, असं पुटपुटत बुवा जिना उतरले. लोकही पांगले. भाऊ खाली मान घालून उभा राहिला.

आई घरी आली तोवर नवी काच, नवं रबर बसलं होतं. मी तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं रे," ती म्हणाली. "पण आता त्यांच्याशी बोलायचं कुठे?"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

कारागिराला खिडकी दुरुस्त करता येते, दुःख नाही. पण म्हणून दुःखी माणसाला वाऱ्यात बसवणाऱ्याचं ऐकू नका. चमत्कार दिसला तर आधी कारण शोधा, आणि आजारी माणसाला वेळेवर डॉक्टरकडे न्या. आईची फुप्फुसं आता पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरीणबाई सांगतात. आम्ही महिनाभर उशीर केला.