सात पात्यांचा चाकू

माझा चुलत भाऊ भिकाजी मुंबईत जन्मला, मुंबईत वाढला आणि तिथेच एका मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात लागला. गावाशी त्याचा संबंध सणापुरता. पण दर खेपेला काहीतरी नवं घेऊन यायचा आणि अख्ख्या गावाला वेड लावून जायचा. एका वर्षी विजेरी, पुढच्या वर्षी मनगटावरचं घड्याळ. मग विलायती चाकू आला. मिटला की मुठीत मावायचा, उघडला की त्यातून सात पाती निघायची. एक कापायला, एक बुचं काढायला, एक तर म्हणे घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायला. गावात घोडा होता कुणाकडे? पण आम्ही खुळे त्या खड्याच्या पात्यावरच जास्त भाळलो.

आणि एकतीस सालच्या दसऱ्याला त्याने फटफटी आणली. आगबोटीतून इद्रीस नावाड्याच्या पडावात आणि पडावातून रत्नागिरीच्या बंदरावर अशी ती उतरली. तिथून चार कोसांचा सडा, तो कातळाचा उघडा माळ, तुडवत भिकाजी थेट आमच्या दारात. कोंबड्या उडाल्या, गुरांनी दावी ओढली, आणि माझी बायको मैना ओटीवर पोट धरधरून हसली. मैनाला पानाचा भारी नाद. भिकाजी तिला म्हणाला, "वहिनी, तुमच्या पानाच्या डब्यालापण एक इंजिन बसवून देतो."

मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? कार्बोरेटर, क्लच, मॅग्नेटो, त्या यंत्रातल्या प्रत्येक बारीकसारीक वस्तूचं नाव त्याच्या जिभेवर असायचं. आमच्या भाषेतली नावं मात्र त्याला कुणी शिकवलीच नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मैना तोरणाला भाताच्या लोंब्या आणायला शेतावर गेली. बांधाच्या गडग्यावर हात टेकून चढायला गेली आणि दगडांच्या फटीत बसलेला नाग तिला डसला.

आमच्याकडे अशा वेळी त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की विष चढतं म्हणतात. 'पान लागलं' एवढंच बोलायचं, ऐकणाऱ्याला कळतं. मी तिच्या दंडाला फडकं आवळलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात यावर सुई टोचतात, हे ऐकून होतो. डोलीने न्यायचं तर दिवस मोडणार होता. पण आता गावात फटफटी होती! माझी थोरली बहीण राही सड्यावर धावली. भिकाजी तिथे एकटाच आपली गाडी पुसत बसला होता.

"भिकाजी, मैनीला पान लागलाय! बेगीन चल, फटफटी काढ!"

भिकाजी हसला. "एवढंच ना, राहीबाय? लिंबू चोखायला द्या, आत्ता उतरेल. त्याला गाडी कशाला?" आणि खिशातून तो चाकू काढून तिच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. लिंबू चिरायला."

राहीला खरं वाटलं. का वाटू नये? ज्याच्या हाताखाली आगीचं यंत्र चालतं, त्याला नवा उतारा ठाऊक असणारच. ती धापा टाकत, पण हसतमुखाने परत आली. "उतरंल म्हणालाय! लिंबानं उतरंल!" मीही तेच धरून चाललो. त्या चकचकीत पात्याने लिंबू चिरलं आणि मैनाच्या ओठांशी धरलं. तिने दोनदा चोखलं.

"आंबट लागत नाय," ती म्हणाली.

जिभेची चव गेली, म्हणजे विष चढलं होतं. चौघांना हाक मारून डोली उचलली, राही मागोमाग धावली. सडा अर्धा चढलो नाही तोच तिची मान कलली. मी हाका मारत राहिलो. मग चौघांनी डोली खाली ठेवली.

तेवढ्यात फटफट करत भिकाजी आला. उतरला, एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. "काय झालं?"

"साप चावला," मी म्हणालो. आता विष चढायची भीती उरली नव्हती.

भिकाजी पांढराफटक पडला. "पण राहीबाय तर पान म्हणाली! मला वाटलं, तंबाखूचं पान खाऊन भोवळ आली." मग राहीकडे वळून ओरडला, "अगं, साप म्हणायचं ना सरळ!"

मला त्याचा गळा धरायचा होता. पण तो खोटं बोलत नव्हता, रडत होता, आणि ते मला आजही गिळता येत नाही. त्याने लबाडी केली असती तर त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यानंतर तो गावात आला नाही. मीही बोलावलं नाही.

राही आता म्हातारी झाली. अंगणात दोरी पडलेली दिसली तरी "साप! साप!" म्हणून गाव गोळा करते. ऐन दिवेलागणीला असलं नाव घेते म्हणून शेजारणी तिच्यावर खेकसतात, पोरं हसतात. मी ओटीवरून सांगतो, "ओरड, बाय. आणखी मोठ्यानं ओरड."