दंडावरची सरकी

"कापसाच्या गंजीमंदी कोन वं खोकलते?
माहं लेकरू लपलं, बाई, सुईले भेते!"

जात्यावर बसलेल्या मायचा हा आवाज. गावात टोचणारी बाई आली की लहानगा गोविंदा घरातल्या कापसाच्या ढिगात बुडी मारायचा, अन् माय दळता दळता ओवीतूनच त्याचा पत्ता सांगून टाकायची. साठ वर्षं झाली. माय गेली, जातं गेलं; सुईचं भेव तेवढं गोविंदाच्या दंडात मुक्कामाला राहिलं.

आता नागपूरच्या मनीषनगरात त्याच्या लेकीला, दीप्तीला, मुलगी झाली होती. नात दीड महिन्याची झाली तरी आजोबानं ती फोनवरच पाहिलेली. दीप्तीचं फर्मानच तसं होतं : "बाबा, तिच्या सुया पुऱ्या व्हायच्या हायेत. डांग्या खोकला तिले आपल्याच मानसाकडून लागू शकते. तुमी दोघंही बूस्टर घ्या, पंधरा दिवस जाऊ द्या, मंग या. नाही त नात मांडीवर भेटत नाही."

बायको अंजनाबाई नरखेडच्या दवाखान्यात हसत टोचून घेऊन बाहेर आली. तिच्यानंतर गोविंदा दवाखान्याच्या पुढच्या दारानं आत गेला, मागच्या दारानं निघाला अन् वळसा घालून, दंड चोळत, कण्हत तिच्यापुढे उभा राहिला.

पंधरा दिवसांनी नागपूरला निघताना त्याला वाटलं, पुरावा पाहिजे. घरच्या कापसाचा बोळा काढला, विहिरीवरच्या पंपाची काळी टेप घेतली, अन् दंडावर चिकटवून टाकला.

"घेतली ना बाबा?" दारातच दीप्तीनं विचारलं.

गोविंदानं पैलवानासारखी बाही वर केली.

"पंधरा दिवसांपासून पट्टी तशीच? आंघोय नाही केली का?"

"केली ना! एक हात वर ठेवून."

"अन् टेप काळी काहून?"

"खेड्यातली सुई हाये बाप्पा. तिले मजबूतच टेप लागते."

अंजनाबाईनं बोळ्यातून डोकावणारं सरकीचं काळं बी पाहिलं. दवाखान्याच्या कापसात बी! तिनं पदर तोंडात कोंबला.

दीप्तीनं बाळ आणलं. बोंड नुकतं उकलावं तशी ती इवलीशी मूठ उघडली, मिटली. ज्या घडीसाठी गोविंदा एवढं खोटं कण्हला होता, ती घडी मऊसूत दुपट्यात गुंडाळून समोर आली. त्यानं हात पुढे केले, अन् कापसाचा एक तंतू उडून नाकात गेला. तो तोंड फिरवून कोपरात खोकलला. खो, खो, खो.

बाळ दचकलं. ओठ काढून रडू लागलं.

गोविंदानं दोन्ही हात पाठीमागे बांधले अन् सरकत सरकत थेट बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"काय झालं बाबा? घ्या ना!"

अंजनाबाईनं पदर सोडला अन् सासूच्याच चालीत हळूच सूर लावला :

"कापसाच्या गंजीमंदी कोन वं खोकलते?"

गोविंदानं काळी टेप टरकन ओढली. दंडावरचे केस गेले, डोळ्यांत पाणी आलं. सरकी टणकन फरशीवर पडली.

"मीच खोकलतो," तो बाल्कनीतूनच म्हणाला. "नाही घेतली मी सुई. लई भेव वाटते मले, लहानपणापासून. दीप्ती, आजच ने मले दवाखान्यात. अजून पंधरा दिवस दुरूनच पाहीन तिले. पन टोचताना माहा हात धरशीन ना वं?"