तेजाबाची बाटली आणि गुणाबाईचे प्रश्न

मी एक बाटली बोलतेय. जाड काचेची, काचेच्याच बुचाची. पोटात तेजाब घेऊन जगणं काय असतं, ते माझ्यासारखीलाच ठाऊक.

पहिल्यांदा मी वरोऱ्याच्या सोमाजी सोनाराकडे होते. काळे पडलेले दागिने तो माझ्यातल्या चार थेंबांनी उजळायचा. एकदा एक थेंब त्याच्या मांडीवर पडला. धोतराला भोक पडलं आणि त्या भोकातून मला त्याची कातडी पांढरी पडताना दिसली. त्या दिवसापासून मी स्वतःलाच भिऊ लागले.

सोमाजीने म्हातारपणी दुकान बंद केलं आणि मला ओळखीच्या उमाजीला देऊन टाकलं. उमाजी गोंडपिपरीजवळच्या एका गावात दवाखान्यात कंपाउंडर होता. चिनी मातीच्या भांड्यांवरचे डाग काढायला होईल, म्हणून त्याने मला घरी उंच कोनाड्यात ठेवलं.

घरात त्याची बायको गोकुळा, चार वर्षांची पोर रंभा आणि थोरली बहीण गुणाबाई. गुणाबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिच्याइतकं टक लावून पाहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. पळसफुलांचं पाणी ती द्रोणात घ्यायची. एका द्रोणात राख, दुसऱ्यात लिंबू. रंग बदलला की तासभर तिथेच बसून राहायची.

"उमाजी, हळद पिवळी, चुना पांढरा. मंग दोन्ही मिळून लाल काऊन होते?"

"बाई, देवानं केलं तसं होते."

"देवानं केलं, पण कसं केलं?"

उमाजी चिडून उठून जायचा. गुणाबाई मग वर माझ्याकडे पाहायची.

छप्पन सालच्या पावसाळ्यात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. विहिरीत टाकायला जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पुडीचा डबा आला. दवाखान्याचं छप्पर गळत होतं, म्हणून उमाजीने तो घरी आणून ठेवला.

"हिचा वास नाकाले काऊन झोंबते रे?" गुणाबाईने विचारलं.

"मले काय मालूम? साहेबानं सांगितलं, टाकतो."

दोन दिवसांनी भर दुपारी उमाजी दवाखान्यात होता, गोकुळा धानाच्या रोवणीला गेली होती. पावसाची झड आत येत होती म्हणून दार लावलेलं. रंभा चटईवर झोपली होती. गुणाबाईने द्रोणात चिमूटभर पूड घेतली, पाटावर चढली आणि मला खाली उतरवलं.

"लिंबानं चुना फसफसते. ह्यानं ही पूड काय करते, पाहू," ती स्वतःशीच पुटपुटली.

मी माझं बूच जिवाच्या आकांताने धरून ठेवलं. तिने फडक्यात धरून पिळलं. निघालं.

तेजाब पडताच द्रोण फसफसला आणि त्यातून पिवळट हिरवा धूर निघाला. गुणाबाईचा गळा आवळला गेला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तरी ती पाहत होती. धूर वर जात नव्हता. तो जमिनीला चिकटून सरकत होता, रंभाच्या चटईकडे.

तिने पोरीला उचललं, डोक्याच्याही वर धरलं, दाराला लाथ घातली आणि पावसात बाहेर पडली. मागे मी आणि तो धूर.

गाव जमलं. रंभा खोकत होती. गुणाबाई घरासमोरच्या पारावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"हिरवा धूर कोणाच्या घरात निघते?" शेजारचा लच्छू ओरडला. "करणी करून राह्यली ही! गावातली पटकीही हिनंच आणली!"

दोघातिघांनी मान डोलावली. एकाने काठी उचलली. मी उघड्या दारातून ते पाहत होते. त्या धुरापेक्षा मला त्या माना जास्त भयंकर वाटल्या.

तेवढ्यात उमाजीसोबत दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. उमाजीने दगड उचलून दारातूनच मला फोडायला हात वर केला.

"फोडू नका!" डॉक्टर म्हणाले. मग लोकांकडे वळले. "करणी नाही ही. वायू आहे. माझ्या हातून निघाला असता तर मलाही काठी मारली असती का?"

काठी खाली झाली.

डॉक्टर गुणाबाईजवळ बसले. "पोरीला उंच का धरलंत?"

"धूर खाली पसरून राह्यला होता," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बाई, आधी विचारायचं होतंत."

"कोणाले विचारू, डॉक्टरसाहेब?"

उमाजीने मान खाली घातली.

रंभा आठवड्यात बरी झाली. गुणाबाईचा पहिला आवाज मात्र परत आला नाही. माझ्यातलं तेजाब डॉक्टरांनी ओतून दिलं. आता मी धुऊनपुसून दवाखान्याच्या फळीवर असते, आणि माझ्यात चुन्याची निवळी असते. माझं एकच मागणं आहे. अनोळखी दोन वस्तू घरात एकत्र करू नका. आणि कोणी विचारायला आलं, तर उठून जाऊ नका.

गुणाबाई दर मंगळवारी बाजाराला निघाली की दवाखान्यात येते. पहिल्या मंगळवारी तिने विचारलं, "त्या धुराचं नाव काय?"

"क्लोरीन."

तिने ते नाव फाटक्या आवाजात तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टर पाण्याचा पेला घेऊन उठले. तिने हातानेच त्यांना थांबवलं, श्वास घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला.