काल्याचं कीर्तन आणि करंजाचं तेल

या मायबाप, जरा सरकून पुढे बसा. खांबाला टेकून बसलेल्यांनो, तुम्हीही या. टेकलं की डोळा लागतो आणि निम्मी गोष्ट हातची जाते. गोष्ट आहे एका बाईची, एका बुवांची आणि खोलीभर कापसाची. हसू आलं तर दाबू नका, देवाला हसरी माणसं आवडतात. मात्र ऐकता ऐकता कुणाच्या अंगाला खाज सुटली, तर बोल मला लावायचा नाही.

शेगावच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यातल्या एका लहानशा गावात अन्नपूर्णा राहायची. हिचे वडील माहेरी मृदंग वाजवायचे, त्यामुळे बाईच्या कानात लहानपणापासून कीर्तन मुरलेलं. दूरवर टाळ वाजला तरी हिचं दूध उतू गेलंच म्हणून समजा. नवरा चिंतामण मनानं चांगला, पण पारावर बसला की छाती दोन बोटं पुढे काढून बोलणारा. लेक श्रद्धा शेगावच्या कॉलेजात जायची.

गावात दर चैत्रात सप्ताह बसे. काल्याचं कीर्तन करणारे बुवा आदल्या दिवशी येत आणि एका घरी मुक्काम करत. त्या घरच्या बाईनं त्यांचे पाय धुवायचे, जेवू घालायचं आणि दुसऱ्या दिवशी काल्याच्या हंडीला पहिला हात लावायचा. हा मान पाळीनं फिरे. पाळी सोडली तर घर पुन्हा रांगेच्या शेवटी, आणि रांग अशी लांब की श्रद्धाला नातवंडं झाली असती. त्या वर्षी पाळी अन्नपूर्णेच्या घरावर आली होती. लग्न होऊन आल्यापासून ती याच दिवसाची वाट पाहत होती.

आणि नेमक्या त्याच वर्षी तिच्या बैठकीत कापूस बसला होता.

झालं होतं असं. आदल्या साली कापसाला सोन्यासारखा भाव आला. मग काय, गावानं बांधापर्यंत बीटीचं बियाणं टोचलं. बोंडअळीनं आपला वाटा उचलला, तरी वेचणीला पांढरंशुभ्र रान फुटलं, आणि भाव पाहतो तर निम्म्यावर. "राहू दे घरात," चिंतामण म्हणाला, "कापूस काय भाकर मांगते का पाणी मांगते? भाव चढला का इकू." घर दोन खोल्यांचं. पुढच्या बैठकीत आढ्यापर्यंत कापूस गेला आणि तीन माणसं मागच्या स्वयंपाकघरात आली.

पैसा अडकला, तशी अन्नपूर्णेनं संसाराची घडी बदलली. गॅसच्या टाकीवर फडकं टाकून ती देवासारखी कोपऱ्यात बसवली आणि चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारल्या. चहातलं दूध गेलं. चिंतामण त्या काळ्या पाण्याला 'डाक्टरी चहा' म्हणून पाहुण्यांपुढे मिरवायचा. पाडव्याला नवं कापड नव्हतं, तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर उसवून उलटी शिवून दिली. श्रद्धा मैत्रिणीच्या मोबाईलवर अभ्यास करून यायची. हे सगळं अन्नपूर्णेनं हसत केलं. तिला जड गेलं ते एकच, नवऱ्याचं खोटं.

पारावर एके दिवशी शेजारच्या आळीतला कचरू म्हणाला होता, "म्या तं देला बा कापूस, चांगल्या भावात." लगेच चिंतामणची छाती पुढे आली. "म्या तं तुह्याही आंधी देला!" झालं. तेव्हापासून बैठकीच्या दाराला कुलूप, खिडकीला पोतं. आलेल्या माणसाला ओट्यावरूनच वाटेला लावायचं.

पण कापूस असा चुपचाप बसतो थोडाच! ऊन तापलं तसा तो आतून उबला आणि घरातल्या तिघांच्या अंगाला खाज सुटली. कोपरं, मान, पोटऱ्या. कीर्तनाच्या पहिल्या दिवशी पदर तोंडात धरून बसावं लागलं तेव्हा अन्नपूर्णा शेजारच्या सुगराबीकडे गेली. सुगराबीचा नवरा वाहेद गाद्या-रजया भरायचा आणि ती स्वतः करंजाचं तेल काढून ठेवायची, खाज-खरजेवर एकदम रामबाण.

"घामोळं आलं वं चाची," अन्नपूर्णा नजर चुकवून म्हणाली.

"हाव," सुगराबीनं बाटली भरता भरता मान डोलावली. "यंदा घामोळं मोठं जोरात हाय, माय." एवढंच. पुढं एक अक्षर नाही.

सप्ताहाचे दिवस सरत चालले. शेवटी अन्नपूर्णेनं चुलीपुढं विषय काढला.

"बुवाले कुठी उतरवायचं?"

चिंतामणनं भाकरीकडे पाहत उत्तर दिलं. "पाळी वरच्या आळीतल्या सिंधूताईले देऊन टाकू. तिचं घर मोठं हाय."

"अन् कापूस कुठी तरी हालवला तं?"

"दार उघडलं का गावाले दिसन. म्या पारावर काय सांगतलं, ठाऊक हाय ना तुले? तोंड कुठी लपवू मंग?"

"तोंडाचं पाहा तुमी," अन्नपूर्णा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराचं नव्हतं. "अन् देवाले तुमीच सांगजा, का आमच्या घरी कापसाले जागा हाय, तुमच्या माणसाले नाई."

चिंतामणनं भाकर ताटात ठेवली. श्रद्धा मान खाजवत हळूच म्हणाली, "बाबा, आई यंदा चुकली तं पुन्हा नाई." बंडीच्या खिशातून कुलपाची किल्ली काढून त्यानं ताटाशेजारी ठेवली आणि हात धुवायला उठला.

किल्ली घेऊन अन्नपूर्णा थेट सुगराबीच्या अंगणात. या वेळी तिनं घामोळ्याचं नाव काढलं नाही. सगळं सांगून टाकलं. सुगराबीनं ऐकलं, हसली नाही, नवलही केलं नाही. फक्त आत हाक मारली, "आवो, रजयाच्या खोळी काढा रिकाम्या, असतीन तेवढ्या!"

"कायले?" वाहेद बाहेर आला.

"कापूस चोरून न्यायचा हाय, भर दिवसा."

आणि तसंच झालं. अर्धा कापूस खोळींत भरून, गाद्यांसारखे गठ्ठे बांधून वाहेदच्या छपरात गेला. गादीवाल्याच्या घरी गाद्या चालल्या, त्यात कुणाला काय वाटायचं? कचरूनं तेवढं विचारलं, "काय बे चिंतामण, एवढ्या गाद्या?"

"बुवासंगं टाळकरी येऊन राह्यले ना, भरून घेतो म्हटलं!" चिंतामणनं कपाळ पुसलं.

उरलेला कापूस दोघी बायांनी बैठकभर सारखा पसरला, कंबरेइतका उंच. वर सतरंज्या, त्यावर धुतलेल्या चादरी, कडेनं लोड. चढायला पुढे एक स्टूल. पाहणाऱ्याला वाटावं, ही राजाची बैठक.

संध्याकाळी सहदेवबुवा आले. पूर्णा नदीच्या पलीकडचे, काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ, मोटारसायकलच्या मागं बसून. उतरल्या उतरल्या त्यांनी आधी कोपर खाजवलं. रस्त्याची धूळ, अन्नपूर्णेला वाटलं. तिनं त्यांचे पाय धुतले. बुवा स्टुलावरून वर चढले, चांगले हातभर आत रुतले आणि हसून म्हणाले, "माऊली, ही तं शेषशय्या झाली!"

सिंधूताई दर्शनाच्या निमित्तानं डोकावलीच. पाया पडताना तिनं सतरंजीवर हात दाबून पाहिला. खाली सरकी बोटांना लागली असणार. तिनं मान खाजवली आणि "येतो वं" म्हणून निघून गेली. आता ही गावभर करणार, या धास्तीनं अन्नपूर्णेला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप भरला. बुवा उभे राहिले आणि काय सांगू तुम्हाला तो आवाज! गोकुळ सुरू झालं. घराघरांत लोणी आहे, पण एकही गवळण दुसरीला सांगत नाही. जी ती म्हणते, आमचं तर कधीच मथुरेला गेलं. शिंकी झाकलेली, दारं ओढलेली. आणि तो सावळा मात्र कुठल्या घरी काय झाकलंय ते हुंगत फिरतो आहे. अन्नपूर्णा देहभान विसरून ऐकत होती.

इतक्यात बुवांनी कोपर खाजवलं.

मग मान. मग पाठीमागे हात नेऊन, उपरण्याच्या आतून. गोकुळ चालूच होतं, पण दर दोन वाक्यांनी बुवांचा हात कुठं ना कुठं जायचा. अन्नपूर्णेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आपल्या घरी राहिल्याचं बुवांना हे फळ! तिनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. चिंतामण मान खाली घालून बसला होता.

त्याच्या पुढं कचरू टाळ धरून उभा होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि टाळाच्या कडेनं हळूच बरगडी खाजवली. मृदंगवाल्यानं थाप चुकवून मांडी खाजवली. बायकांत सिंधूताईचा पदर मानेशी सारखा वरखाली होत होता. मग वारं फिरलं आणि सगळ्या मंडपाचा वास अन्नपूर्णेच्या नाकात शिरला. बुक्क्याचा नव्हता, उदबत्तीचा नव्हता. कडवट, ओळखीचा, करंजाच्या तेलाचा वास.

बुवांनी विणेकऱ्याला हातानं थांबवलं.

"मायबाप, खरं सांगू का? माह्या घरी माजघरात कापूस हाय. आढ्यापर्यंत. भाव येईन म्हणून ठेवला, अन् दोन महिन्यापासून बायकोलेकरांसंगं त्याच्याच कडेला निजून राह्यलो. लोकाले सांगतो, इकला. ही खाज म्या घरून आणली." ते थांबले, मंडपभर नजर फिरवली. "तुमची कुठची?"

खाजवणारे हात जागच्या जागी थिजले. अन्नपूर्णेनं पुन्हा एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली आणि ती बायकांतून उठून उभी राहिली.

"बुवा, माही बैठकीतली हाय. रातभर तुमी गादीवर नाई, आमच्या कापसावर निजले. आमचा इकलाच नाई."

सगळ्या माना चिंतामणकडे वळल्या. तो लाल झाला. मग त्यानं उलटी शिवलेली कॉलर ढिली केली, दोन्ही हात मानेवर नेले आणि महिनाभराची खाज गावासमोर मनसोक्त खाजवून घेतली. "हाव," तो म्हणाला, "बायको खरं बोलते. म्या पारावर फेकत होतो."

"मंग म्या काय करत होतो बे!" कचरू ओरडला.

"आमचा माळ्यावर हाय," सिंधूताई म्हणाली. "काल हिच्या सतरंजीखाली सरकी लागली, तवा म्हटलं, चला, आपुन एकटेच नाई." मग जो हशा उठला, त्यात टाळमृदंगही बुडाले. कुणाचा देवघरात, कुणाचा बाजेखाली, कुणाचा सासूच्या खोलीत, आणि सासू ओट्यावर. माणसं हसत होती आणि मोकळ्या हातानं खाजवत होती.

मंडपाच्या कडेला लिंबाच्या सावलीत सुगराबी बसली होती. बुवांच्या आसनाची गादी वाहेदनं भरून दिली होती म्हणून दोघं ऐकायला आले होते. सिंधूताईचं तिच्याकडे लक्ष गेलं. "चाची, तेल तं आमी सगळ्याच तुह्याकडून नेत होतो. तुले समदं ठाऊक होतं!"

"मले?" सुगराबीनं ओढणी नीट केली. "मले काय ठाऊक माय? मी तं घामोळ्याचं तेल देत होती."

काल्याच्या हंडीला पहिला हात अन्नपूर्णेनं लावला. तिनं पहिला द्रोण बुवांना दिला. दुसरा घेऊन ती मंडपातून उतरली, लिंबाखाली गेली आणि सुगराबीच्या ओंजळीत ठेवला.

भाव काही सोन्याचा झाला नाही हो. देव भाव ठरवत नाही. पण त्या आठवड्यात पाच-सहा घरांनी मिळून एक गाडी केली आणि कापूस खामगावच्या बाजारात नेला. भाडं वाटून गेलं. 'तुमच्या शेजाऱ्यानं तं याहून कमीत देला' असं दारोदार सांगत फिरणाऱ्या दलालाचं त्या गावात मग कुणी ऐकेना, कारण शेजारी गाडीत मांडीला मांडी लावून बसला होता. अन्नपूर्णेच्या चहात दूध आलं. थोडं, पण आलं. चिंतामणला मात्र डाक्टरी चहाचीच सवय लागली होती.

तेलाचे पैसे द्यायला बाया गेल्या तर सुगराबी म्हणाली, "घामोळ्याचे कायचे पैसे?"

तेव्हा मायबाप, आता काला वाटला जाईल. तुम्ही हात पुढे कराल, घास तोंडाशी न्याल. त्याआधी घटकाभर थांबा आणि त्या सुगराबीची आठवण करा. साऱ्या गावाची झाकली मूठ तिच्या हातात होती, आणि तिनं ती गावालाच उघडू दिली.