हिरवी तार तोडली आणि...

मित्रांनो, मी एक जुनी नेटवर्क केबल आहे, आणि माझा थरकाप अजून गेलेला नाही. खाली छापखाना, वर मालकाचं घर; जिन्याच्या भिंतीवरून मी दोन्हीकडे पोचते. वर मालकाची बायको संगणकावर पुस्तकांची पानं लावायची आणि मी ती खाली मशीनला नेऊन द्यायचे. माझ्या तारांभोवती धातूचं कवच आहे. बाहेरचा गोंधळ आत शिरू नये, म्हणून कारखान्यात ते मला चढवलं. "गुणाची आहे हो केबल, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही," असं ती म्हणाली की मी फुगून जायचे.

मग खाली नव्या फरश्या बसू लागल्या. मशीनपासून जमिनीत गेलेली अर्थिंगची जाड हिरवी तार फरशीवाल्याला आडवी आली.

"ही कशाची?"

"कुणास ठाऊक!" मालक म्हणाला. "तोडून बघ. मशीन चाललं, तर हिचं काम नव्हतंच."

तार तुटली. मशीन चाललं.

"बघ, फुकट बसून खात होती!" मालक हसला.

एके सकाळी मशीनमधली एक वायर घासून उघडी पडली आणि वीज मशीनच्या पत्र्यात उतरली. हिरवी तार असती, तर वीज तिच्यातून जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. आता ती मशीनच्या पत्र्याला टेकलेल्या माझ्या कवचात शिरली. माझ्या! मी ओरडणार तरी कशी? ती थेट वर, माझं दुसरं टोक खोचलेल्या संगणकाशेजारच्या पत्र्याच्या डब्यात पोचली. मालकाची बायको नुकतीच लादी पुसून, अनवाणीच, ओल्या फडक्यानं तो डबा पुसत होती. तिची मूठ वळली ती सुटेचना.

धडपड ऐकून मालक धावत वर आला. तो तिला ओढणार, तोच मागून आलेली त्याची आई कडाडली, "हात लावू नकोस तिला! आधी मेन स्विच पाड!"

त्यानं मेन पाडला. ती कोसळली. "डोळे उघड गं, बाळा," सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिल्या. तिनं डोळे उघडले, तेव्हा मालकानं तिला लगेच दवाखान्यात नेलं.

वायरमननं नवी अर्थिंग केली. तिच्या हाताची जखमही भरली. पण काल माझं टोक डब्यात खोचताना तिचा हात मध्येच थांबला. "अहो, तुम्ही लावता का?" ती म्हणाली. तो पुढे झाला, पण आधी मेन पाडून आला, मगच त्यानं मला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मशीन चालतंय म्हणून अर्थिंगची तार कुणाला तोडू देऊ नका. तुमच्या घरी ती जागेवर आहे ना, हे आजच मोठ्यांना विचारा, वायरमनकडून तपासून घ्यायला लावा. वळलेली मूठ मला सोडवता येत नाही.