बाहेरच्या डिस्कवरची मेंढरं

माहिती कुठे ठेवायची?

"आत जागा न्हाई तर भाईर ठेव की. मेंढरं तरी कोण घरात बांधतंय?" मागे उभा राहून पडद्यावरचा प्रश्न वाचत नाथाजी म्हणाला.

अंजनाला हसायचंही त्राण नव्हतं. वडूजच्या मेंढपाळ संस्थेत कॉम्प्युटर एकच, आणि तो सारखा अडायला लागला होता. तिने सगळ्या नोंदी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, कॉम्प्युटर पुसून कोरा केला आणि सकाळपासून डेटाबेस नव्याने बसवत होती. मुख्य कचेरीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, तुम्हीच बघा."

पडद्यावर आपोआप आलेला पत्ता तिने खोडला आणि डिस्कवरचं फोल्डर दाखवलं. प्रोग्राम आत, नोंदी बाहेर.

"म्हंजी सगळी मेंढरं ह्या डबीत?"

"व्हय तात्या. यंत्र मेलं तरी चालंल. जीव ह्यात हाय."

इथे आधीच माहिती आहे. तीच वापरायची?

हो.

नाथाजी संस्थेचा शिपाई. गुडघे गेले तेव्हा त्याने मेंढरं विकली आणि ती खटाव-माण तालुक्यांत पांगली. पण लस टोचायला येणाऱ्या प्रत्येक मेंढीची आई कोण, हे अंजना नोंदवत असे. त्यामुळे नाथाजीची लाडकी मेंढी बाणी कधीच मेली, तरी तिचा वंश पडद्यावर वाढत होता. दर बाजारच्या दिवशी चष्मा पुसून नाथाजी तो बघायला बसायचा.

"आली का बाणी?"

आली. बाणीखाली लेकी, लेकींखाली नाती, दुसऱ्यांच्या कळपांत.

"लय झाल्या गं."

"तुमच्यापेक्षा मोठा खटला हाय तिचा."

"आमची म्हातारी आसती तर जळली आसती."

डिस्कची दुसरी प्रत सण झाल्यावर काढू, असं म्हणून अंजनाने पर्स उचलली. प्रोग्राम डिस्कवरच्या जुन्या नोंदी अजून जुळवत होता, म्हणून कॉम्प्युटर तिने चालूच ठेवला.

डिस्क सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ती आली तेव्हा टेबलापुढे पाट मांडला होता. पाटावर लोकर कापायची कातर, लस टोचायची पिचकारी आणि मधोमध डिस्क. ओली. हळदकुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडूचं फूल.

"औजारं धुवूनच पुजायची आसत्यात," धुतलेला फेटा बांधून नाथाजी उभा होता. "तूच म्हणालीस जीव ह्यात हाय. म्हणून तिला मधी बशीवली. पाणी जपून घातलं हां, वंजळीनं."

"चालू यंत्रातनं काढलीसा?"

"तिचा दिवा लुकलुकत हुता. म्हटलं, जागी हाय तवर घालावी आंघूळ."

अंजनाने फूल बाजूला ठेवलं. ओढणीच्या टोकाने डिस्क पुसली, पंख्याखाली धरली. बराच वेळ धरली. मग वायर जोडली. किट्. किट्. मग तेही नाही.

पुन्हा प्रयत्न करायचा?

हो.

हो.

"बरी हाय न्हवं?" नाथाजीने तिच्या तळहातावर खोबरं-साखर ठेवली.

ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. नखांत हळद अडकली होती.

"बरी हाय," ती म्हणाली.

"मग दाव की बाणी. सणाचं."

माहिती कुठे ठेवायची?

या वेळी तिने आतच ठेवली. कोरा तक्ता उघडला. खुर्ची ओढून नाथाजी बसला, चष्मा पुसू लागला.

"तात्या, यंत्र नव्यानं बशीवलंय. एकदा तुमच्या तोंडनं भरू. बाणीपासनं सांगा."

नाथाजी खूश झाला. खाकरून घसा साफ केला.

"बाणी. तिची पयली लेक मोरी. लय आवखळ. मग झाली ती काळ्या कानाची... न्हाई, ती मोरीची." तो थांबला. "मोरीची, का धाकटीची?"

पंखा घरघरत होता.

"आगं, तुझ्यात हाय म्हणून म्या ध्यानात ठिवायचंच सोडलं. तूच वाच की वरनं."

अंजनाने पडदा जरासा आपल्याकडे वळवला. पहिल्या ओळीत बाणी. दुसऱ्या ओळीत मोरी. तिसऱ्या ओळीत कर्सर लुकलुकत होता.

"सावकाश आठवा तात्या," ती म्हणाली. "घाई न्हाई."